देणं-घेणं, लेखांक ५ : आधी ती बोलते

मागच्या आठवड्यात आपण जपानमधल्या ओचूगेन आणि ओसेइबो या दोन मोसमी भेटी पाहिल्या. उन्हाळ्यात आणि वर्षअखेरीस वरिष्ठांना, शिक्षकांना, लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थांना पाठवायच्या त्या भेटी. उपकाराची जाण आहे आणि ती समोरच्याला दिसली पाहिजे, एवढाच त्यांचा हेतू. त्याच देशात, त्याच मोठ्या दुकानांच्या तळघरातल्या खाऊच्या दालनांतून, गेल्या साठ-सत्तर वर्षांत प्रेमाची एक भेट रुजली. तारीख १४ फेब्रुवारी, वस्तू चॉकलेट. युरोप-अमेरिकेत त्या दिवशी पुरुष बाईला काही देतो, किंवा दोघं एकमेकांना देतात. जपानमध्ये देते ती बाई. पुरुषानं त्या दिवशी फक्त घ्यायचं.

असं का झालं, हे समजून घ्यायला जरा मागे जावं लागतं. रशियन क्रांतीनंतर परागंदा होऊन कोबे बंदरात स्थिरावलेल्या मोरोझॉफ कुटुंबाच्या नावानं तिथे एक चॉकलेट कंपनी निघाली. तिनं १९३६ च्या फेब्रुवारीत 'जपान अॅडव्हर्टायझर' या इंग्रजी वर्तमानपत्रात व्हॅलेंटाइननिमित्त चॉकलेट भेट द्या, अशी जाहिरात दिली. ते वर्तमानपत्र वाचणारे बहुतेक परदेशीच होते, त्यामुळे जपानी घरांपर्यंत ती कल्पना पोचली नाही. पुढे युद्ध आलं आणि कोकोची आयातच थांबली. युद्धानंतर मुलांना चॉकलेट दिसलं ते अमेरिकी सैनिकांच्या हातात, त्यांच्या जीपमागे धावताना.

मग १९५८. टोकियोतल्या मेरी चॉकलेट या छोट्या कंपनीनं शिंजुकूच्या इसेतान या मोठ्या दुकानात व्हॅलेंटाइनची विक्री मांडली. कंपनी स्वतःच सांगते की तीन दिवसांत पन्नास येनच्या तीन वड्या आणि वीस येनचं एक कार्ड खपलं. एकूण १७० येन. पुढच्या वर्षी त्यांनी बदामाच्या आकाराचं चॉकलेट काढलं. त्यावर देणारीचं आणि घेणाऱ्याचं नाव कोरून मिळे. सोबत आवाहन होतं की वर्षातून एक दिवस बाईनं आपलं प्रेम बोलून दाखवावं. दुकानात खरेदीला येणाऱ्या मुख्यतः बायकाच, हा त्यामागचा सरळ व्यापारी हिशेब होता, यात शंका नाही. पण तेवढ्यानं प्रथा रुजत नाही. जाहिराती पुष्कळ येतात आणि विरून जातात. ही टिकली, कारण तिला घ्यायला तयार असलेल्या मुली तेव्हा मोठ्या होत होत्या.

१९६० मध्ये कोको बियांच्या आयातीवरचे निर्बंध उठले आणि चॉकलेट शाळकरी मुलीच्या खिशाला परवडू लागलं. त्याच दशकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये प्रेमविवाहांचं प्रमाण पहिल्यांदाच ठरवून केलेल्या लग्नांपेक्षा वर गेलं. लग्न आपल्या आवडीनं करायचं, पण पहिला शब्द मुलीनं काढायचा नाही, अशा पेचात एक पिढी उभी होती. सत्तरच्या दशकात ही रीत उचलली ती या शाळा-कॉलेजांतल्या मुलींनी. जपानी शाळेत आत शिरताना बाहेरचे बूट काढून ठेवायला प्रत्येकाचा एक कप्पा असतो. आवडत्या मुलाच्या कप्प्यात सकाळी लवकर येऊन पुडकं ठेवायचं, नाहीतर शाळा सुटल्यावर त्याला गाठून हातात द्यायचं. तोंडातून शब्द फुटला नाही तरी चालेल, तारीख आणि वस्तू मिळून सगळं सांगून टाकत.

पुष्कळ मुली हे चॉकलेट घरी करत, अजूनही करतात. म्हणजे दुकानातली साधी वडी आणायची, बारीक चिरायची, गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवायची आणि साच्यात ओतायची. पाणी जास्त तापलं किंवा त्याचा थेंब आत पडला की चॉकलेट आळून घट्ट होतं, सगळं पुन्हा करावं लागतं. वितळवून फक्त आकार बदलण्यात काय मोठंसं, असं कुणी म्हणेल. मला मात्र आदल्या रात्रीच्या त्या खटाटोपाचं मोल फार वाटतं. जिनं तो केला, तिचा निर्णय साचा भरतानाच पक्का झालेला असतो.

ही भेट नासली ती ऑफिसांमध्ये. ऐंशीच्या दशकात कंपन्यांतल्या मुली बॉसला आणि विभागातल्या सगळ्या पुरुषांना चॉकलेट वाटू लागल्या. मनापासून दिलेल्याला 'होनमेइ-चोको' आणि रीत म्हणून वाटलेल्याला 'गिरी-चोको' अशी दोन नावं पडली. चहा ओतणं, झेरॉक्स काढणं हीच कामं ज्यांच्या वाट्याला येत आणि लग्न झालं की नोकरी सोडतील असं ज्यांच्याबद्दल गृहीत धरलं जाई, त्या मुलींवर हा आणखी एक भार आला, तोही स्वतःच्या पगारातून. कुणाला वगळलं तर तो दुखावतो, कुणाला महागाचं दिलं तर कुजबुज होते. मुलीला पहिल्यांदा बोलण्याची मोकळीक देणाऱ्या दिवसानं तिला पुन्हा सगळ्यांची मर्जी राखायला लावलं, हे मला या इतिहासातलं सगळ्यात खुपणारं वळण वाटतं.

घेतलेल्या भेटीची फेड राहून गेली, तर जपानी मनाला ते चैन पडू देत नाही. आपल्याकडे आहेराची वही जपून ठेवतात आणि वेळ आली की ती उघडून परतीचा आहेर ठरवतात, तसाच काटेकोरपणा तिथेही आहे. पुरुषांनी परत काय द्यायचं, या प्रश्नाला फुकुओकामधल्या इशिमुरा मानसेइदो या मिठाईवाल्यांनी १९७८ मध्ये १४ मार्चचा 'मार्शमेलो दिवस' काढून उत्तर दिलं. मिठाई व्यावसायिकांच्या संघटनेनं त्याच तारखेला 'व्हाइट डे' ठरवला, पहिला साजरा झाला १९८० मध्ये. परतीची भेट तिप्पट किमतीची हवी, असंही बोललं जाऊ लागलं. फेडीचा आकडा ठरला की हिशेब सुरू होतो, आणि हिशेबात सापडलेल्या भेटीला प्रेमाची म्हणणं मला जड जातं.

१ फेब्रुवारी २०१८ रोजी गोदिवा या मूळच्या बेल्जियन कंपनीनं 'निक्केइ' या अर्थविषयक दैनिकात पानभर जाहिरात दिली की गिरी-चोको आता बंद करूया. १४ फेब्रुवारी ही तारीख सुट्टीच्या दिवशी आली की बायकांना हायसं वाटतं, आणि हे थांबवायला कंपन्यांच्या प्रमुखांनीच सांगावं, असा तिचा आशय होता. महागडी चॉकलेटं विकणाऱ्यांनी हे म्हणणं सोपं आहे, असा आक्षेप लगेच आला. तेव्हा तीसेक येनला मिळणारी आणि रीत म्हणूनच दिल्याचं एका नजरेत कळावं अशी आपली ओळख मिरवणारी 'ब्लॅक थंडर' ही वडी बनवणाऱ्यांनी तर आमचा मार्ग आमचा, अशा अर्थाचं उत्तर दिलं. आक्षेपात तथ्य आहे. तरी जाहिरातीतलं म्हणणं खरंच होतं. ऑफिसात वाटावाटी करायची नाही, असं ठरवणाऱ्या कंपन्या जपानमध्ये आहेत, आणि त्यामुळे कुणाचे संबंध बिघडले असतील असं मला वाटत नाही.

आता मुली सर्वाधिक उत्साहानं चॉकलेट देतात ते मैत्रिणींना. एकदम मोठा घाणा करून छोट्या पिशव्यांत भरायचा आणि वर्गात अदलाबदल करायची. नोकरी करणाऱ्या बायका स्वतःसाठी घेतात. २००३ पासून इसेतानच्या पुढाकारानं टोकियोत भरणाऱ्या 'सालों द्यु शोकोला' प्रदर्शनात त्यांच्या रांगा लागतात. ज्यांच्या दुकानात १९५८ मध्ये १७० येनची विक्री झाली होती, त्याच दुकानदारांच्या भोवती. काही मुलंही आता आपणहून मुलींना देऊ लागली आहेत.

शेजारच्या कोरियानं ही दोन्ही तारखांची रीत उचलली आणि तिला तिसरी जोडली. १४ फेब्रुवारीला आणि १४ मार्चला ज्यांना काहीच मिळालं नाही, ते १४ एप्रिलला जमून सोयाबीनच्या काळ्या सॉसमधल्या जाजांगम्यॉन शेवया खातात. त्याविषयी पुढच्या लेखात.