कच्ची फाइल कोठे धुवावी?

पूर्वी घरातील मुंज किंवा लग्न पार पडले, की कॅमेऱ्याचा रोल स्टुडिओत धुवावयास जात असे आणि प्रिंटांबरोबर निगेटिव्हच्या पट्ट्याही पाकिटातून घरी येत. ज्या घरांनी त्या पट्ट्या ट्रंकेत जपल्या, त्यांना पन्नास वर्षांनंतरही आजीआजोबांचे चित्र नव्याने काढून घेता येते. आजच्या चांगल्या डिजिटल कॅमेऱ्यांत निगेटिव्हची जागा एका फाइलीने घेतली आहे. तिला ‘रॉ’, म्हणजे कच्ची फाइल म्हणतात. ती संगणकावर धुण्यासाठी कोणता प्रोग्रॅम पत्करावा, हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा नाही. घरातील पुढच्या पिढीच्या हाती काय पडणार, याचाही तो आहे.

कॅमेऱ्यातील प्रकाशग्राही पटलावर असंख्य सूक्ष्म बिंदू असतात. परंतु बहुतेक कॅमेऱ्यांत प्रत्येक बिंदू एकच रंग टिपतो. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांच्या, १९७६ साली पेटंट मिळालेल्या रचनेत निम्मे बिंदू हिरव्याचे, पाव तांबड्याचे व पाव निळ्याचे असतात. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अदमासाने भरावे लागतात. कॅमेरा हे काम क्षणार्धात उरकून जेपेग चित्र हाती देतो. त्यात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. कच्च्या फाइलीत मोजमाप बहुधा १२ किंवा १४ बिटांचे, म्हणजे ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्यांचे. मांडवातील पिवळ्या दिव्यांमुळे नवरीची हळद अद्याप उतरलीच नाही असे दिसू लागले, तर कच्च्या फाइलीवरून ते सहज सुधारते; जेपेगमध्ये ओढाताण होते. पांढरे धोतर पार उजळून गेले असेल, तर मात्र त्याच्या चुण्या कोणताही प्रोग्रॅम परत आणू शकत नाही. जाहिराती काहीही म्हणोत.

आरंभ कॅमेऱ्याच्या कंपनीनेच फुकट दिलेल्या प्रोग्रॅमपासून करावा, हे बरे. कॅननचा ‘डिजिटल फोटो प्रोफेशनल’ आणि निकॉनचा ‘एनएक्स स्टुडिओ’ आपापल्या कॅमेऱ्याचे रंग उत्तम जाणतात. मात्र दुसऱ्या कंपनीच्या कच्च्या फाइलीपुढे ते हात टेकतात. अ‍ॅडोबीचे ‘लाइटरूम’ सोयीचे व लोकप्रिय. परंतु २०१७ पासून त्याच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर मिळतात. ‘लाइटरूम क्लासिक’ची वर्गणी थांबली, की चित्रे पाहता येतात, बाहेरही काढता येतात, सुधारण्याचे मुख्य दालन तेवढे बंद होते. ‘डार्कटेबल’ आणि ‘रॉथेरपी’ हे दोन्ही प्रोग्रॅम विनामूल्य असून त्यांची घडण सर्वांस खुली आहे. त्यांतील कळांची दाटी पाहून पहिले काही दिवस माणूस गांगरतो, हे खरे.

रंगांच्या बारीकसारीक फरकांवर वाद घालणारे एक गोष्ट सहसा विचारीत नाहीत : आपण केलेल्या सुधारणा राहतात कोठे? हे प्रोग्रॅम मूळ फाइलीतील चित्राला हात लावीत नाहीत; काय करावयाचे याची कृती तेवढी टिपून ठेवतात, आणि ती कृती ज्याची त्यालाच पुरती वाचता येते. अ‍ॅपल कंपनीचे ‘अ‍ॅपर्चर’ २००५ साली निघाले. २०१४ मध्ये कंपनीने ते थांबविण्याचे जाहीर केले आणि २०१९ च्या ‘कॅटालिना’ प्रणालीपासून ते चालेनासे झाले. लोकांच्या कच्च्या फाइली सुखरूप राहिल्या. चित्रांना दिलेली नावे व खुणाही दुसरीकडे नेता आल्या. परंतु कित्येक वर्षे रात्री जागून केलेल्या रंगसुधारणा दुसऱ्या प्रोग्रॅमला उमगेनात.

लाला दीनदयाळ यांच्या छायाचित्रणाचा आरंभ इंदुरातला. पुढे ते हैदराबादेस निजामाचे छायाचित्रकार झाले. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हपैकी अनेक आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. ती काच उजेडापुढे धरली, की चित्र दिसते. आपल्या फाइलीला ती सवलत नाही.

यास्तव कोणताही प्रोग्रॅम घेतला, तरी निवडक चित्रांची तयार प्रत टिफ किंवा उत्तम प्रतीच्या जेपेगमध्ये काढून कच्च्या फाइलीशेजारी ठेवावी. २००४ साली अ‍ॅडोबीने प्रसिद्ध केलेला ‘डीएनजी’ हा खुला साचाही उपयोगी आहे. तथापि त्यात रूपांतर केल्यावर मूळ फाइल पुसण्याची घाई नको. प्रोग्रॅमची पारख करताना एकाच समारंभातील वीस चित्रे घ्यावीत : काही उन्हातली, काही मांडवातली, एखादी अंधारी. तीच वीस चित्रे दोन प्रोग्रॅममधून काढून कागदावर छापावीत आणि घरातील वडीलधाऱ्यांपुढे ठेवावीत. काकूंच्या शालूचा खरा रंग कोणता, हे त्याच सांगतील.