संगणक तपासतो पेपर (भाग ७) : सीला एक न्याय, जावाला दुसरा

प्लेसमेंटच्या ऑनलाइन परीक्षेत सबमिट केलेला प्रोग्रॅम सर्व्हरवर मोकळा सोडत नाहीत, सँडबॉक्समध्ये कोंडून चालवतात, हे आपण मागच्या आठवड्यात पाहिलं. पण ही कोठडी एकाच मापाची ठेवली, तर काही भाषा आत शिरतानाच गुदमरतात.

पूर्वीची रीत अशी : प्रोग्रॅमने कर्नलकडे काही मागितलं, की दर वेळी त्याला थांबवायचं, मागणी तपासायची, मग पुढे सोडायचं. सीच्या एकमार्गी प्रोग्रॅमला हे चालून जाई. एकाच वेळी अनेक थ्रेड चालवणाऱ्या भाषांपुढे मात्र पहारेकऱ्याची तारांबळ उडे. मार्टिन मारेश आणि बर्नार्ड ब्लॅकहॅम यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या 'आयसोलेट' या सँडबॉक्सने ती रीत सोडली आणि लिनक्स कर्नलच्याच नेमस्पेस व कंट्रोल ग्रुप या सोयी वापरल्या. आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मॅटिक्स ऑलिंपियाडच्या स्पर्धायंत्रणेत हाच सँडबॉक्स असतो.

तरी जावा अडतेच. आयसोलेट मुळात एकाच प्रोसेसला परवानगी देतो, आणि थ्रेडही त्याच हिशेबात धरले जातात. जावाचं व्हर्च्युअल मशीन तर विद्यार्थ्याची पहिली ओळ चालण्याआधीच कचरा उचलायला, कोड कंपाइल करायला असे कितीतरी थ्रेड उभे करतं. मर्यादा वाढवली नाही, तर 'हॅलो वर्ल्ड'सुद्धा रनटाइम एरर देऊन मरतं. मेमरीचीही तीच गत. जावा पत्त्यांची भलीमोठी जागा आधीच राखून ठेवते, वापरते त्यातली थोडीच. राखलेल्या जागेवर मर्यादा घातली तर निरपराध प्रोग्रॅम दोषी ठरतो. म्हणून मोजायची ती कंट्रोल ग्रुपमधून, प्रत्यक्ष वापरलेली मेमरी.

पायथनचा प्रश्न निव्वळ वेळेचा. दहा कोटी फेऱ्यांचं साधं लूप सी++ सेकंदाच्या आत उरकते. पायथन तेवढ्यासाठी कितीतरी सेकंद घेते. म्हणून हॅकररँक ही परीक्षांची साइट सी++ला २ सेकंद देते, जावाला ४, पायथनला १०. कोडफोर्सेस या स्पर्धांच्या साइटवर सगळ्यांना एकच घड्याळ. स्पर्धेत ते मान्य, तिथे भाषा निवडणं हाही डावपेचच असतो. पण कॉलेजने फक्त पायथन शिकवायची आणि परीक्षेचं घड्याळ सी++चं लावायचं, हा सरळसरळ अन्याय आहे.

घड्याळंही दोन लागतात : एक सीपीयूच्या वेळेचं, दुसरं भिंतीवरचं. स्लीप लावून स्वस्थ बसलेला प्रोग्रॅम सीपीयूचा वेळ जवळजवळ खात नाही; त्याला हाकलायला भिंतीवरचंच घड्याळ हवं. आणि कंपायलरलाही कोठडीबाहेर ठेवून चालत नाही. इन्क्लूडच्या ओळीत कुणी खोडसाळपणे 'डेव्ह झिरो' ही कधीच न संपणारी फाइल दिली, तर प्रोग्रॅम तयार होण्याआधीच कंपायलर ती वाचत मेमरी फस्त करत बसेल.

परीक्षेला बसणाऱ्यांनी एक करावं : भाषांच्या आवृत्त्या आणि वेळमर्यादा सांगणारं परीक्षेच्या साइटवरचं पान आधी वाचावं. ते सापडलं नाही आणि सी++ येत असेल, तर मुकाट्याने सी++ घ्यावी.