कमरेची गांठ आणि त्वचेचा कर्करोग

सोलापूरचें ऊन आणि सोलापूरचें कापड या दोन्ही गोष्टी सर्वपरिचित आहेत. १८७७ मध्यें येथें पहिली कापडगिरणी निघाली; ऊन त्यापूर्वींचें आहे. त्वचेच्या कर्करोगाचा विषय निघाला कीं बोट प्रथम उन्हाकडे जातें, आणि गोऱ्या लोकांच्या देशांत तें योग्यच आहे. सूर्यप्रकाशांतील अतिनील किरण पेशींतील आनुवंशिक द्रव्यास इजा करितात व ती वर्षानुवर्षें साचत जाते; म्हणून ऑस्ट्रेलियांत हा रोग फार. आपल्या सावळ्या कातडींतील रंगद्रव्य हे किरण पुष्कळसे अडवितें. त्यामुळें आपल्याकडे हा रोग विरळ. पण होतो तेव्हां कारण कधीं कधीं उन्हांत नसून कापडांत सांपडतें.

या रोगाचे मुख्य प्रकार तीन. त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशीं असलेल्या पेशींपासून होणारा कर्करोग बहुधा चेहऱ्यावर होतो, सावकाश वाढतो व क्वचितच अन्यत्र पसरतो. त्यांच्या वरील चपट्या, खवल्यांसारख्या पेशींचा दुसरा प्रकार मात्र जवळच्या लसिकाग्रंथींत शिरूं शकतो. तिसरा रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींचा. तो सर्वांत घातक. सावळ्या लोकांत तो पुष्कळदां तळपायावर, तळहातावर किंवा नखाखालीं निघतो. तळपायावरील वाढता काळा डाग तीळ समजून सोडून देऊं नये.

प्रस्तुत विषय दुसऱ्या प्रकाराचा. जुन्या, न भरणाऱ्या व्रणांत व भाजल्याच्या वणांत तो उद्भवतो. काश्मीरांत फेरणाखालीं पोटाशीं निखाऱ्यांची कांगडी धरतात. तेथें पोटावर व मांड्यांवर हा रोग होतो, हें एकोणिसाव्या शतकापासून नमूद आहे. आपल्या पेहरावाची पाळी १९४५ मध्यें आली. मुंबईचे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं एका सहकाऱ्यासह कमरेवरील कर्करोगाचा संबंध घट्ट नेसलेल्या धोतराशीं जोडून दाखविला. वैद्यकांत त्यास ‘धोतर-कर्करोग’ असेंच नांव पडलें आहे. सुश्रुतानें आघातानें मांस दुष्ट होऊन अर्बुद उत्पन्न होतें असें म्हटलें आहे; तेव्हां हें आपणांस पूर्वींच ठाऊक होतें असें म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. सुश्रुताचा आघात मुष्टिप्रहारासारखा आहे. नाडीचा दाब इतका सौम्य कीं तो आघात वाटतच नाहीं.

तोच खरा घोटाळा आहे. नाडी रोज त्याच जागीं घासते. कातडी काळवंडते, कोठें पांढरी पडते, सोलवटते. त्यांत घाम व धूळ. जखम भरूं लागते तोंच सकाळीं पुन्हां गांठ तेथेंच बसते. झीज भरण्यासाठीं पेशी पुनःपुन्हां विभागतात, आणि अशा दीर्घ क्रमांत केव्हां तरी त्यांचें नियमन सुटतें.

२०२४ मध्यें वर्ध्याच्या व बिहारमधील मधुबनीच्या डॉक्टरांनीं दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. एकीला परकराच्या नाडीखालीं अठरा महिने न भरलेला व्रण होता. दुसरी चाळीस वर्षें परकराविना लुगडें घट्ट नेसत आलेली. तिचा व्रण दोन वर्षांचा, आणि रोग जांघेंतील ग्रंथीपर्यंत पोंचलेला. म्हणजे दोष नाडीचाच असें नाहीं, घट्टपणाचा आहे.

दोन वर्षें! भरल्या घरांत सासूबाईंच्या कमरेवर काय आहे हें कोणास ठाऊक असतें? त्या हळद-तेल लावतील, पण मुलास सांगणार नाहींत. सुनेनें किंवा नातीनें सहज विचारावें. नाडी रुंद व सैल असावी, गांठीची जागा बदलत जावी, आणि कातडी सोलवटली असतां कांहीं दिवस गाऊन घालावा; त्यानें घराण्याची मर्यादा ढळत नाहीं.

तीन-चार आठवड्यांत न भरणारा व्रण डॉक्टरांस दाखवावा. ते कातडीचा लहान तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासावयास सांगतील. तुकडा काढला कीं रोग भडकतो, या समजुतीनें कित्येक घरांत येथेंच पाऊल अडतें. ती निराधार आहे. साधा चिघळलेला व्रण आणि कर्करोग नुसत्या डोळ्यांस सारखेच दिसूं शकतात; आणि रोग ग्रंथींत गेलेला नसेल तर तेवढा भाग भोंवतालच्या निरोगी कातडीसह कापून काढतां येतो, खळगा मोठा राहिल्यास मांडीची कातडी बसवितात.