षटकं आज, दुखणं तीन आठवड्यांनी

वेगवान गोलंदाज चेंडू सोडण्याआधी पुढचा पाय खेळपट्टीवर आपटतो आणि जमीन त्याला तेवढाच दणका परत देते. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातील संशोधकांनी हा दणका 20 अव्वल गोलंदाजांवर मोजला. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तो सरासरीने शरीराच्या वजनाच्या सहापटीहून अधिक भरला. म्हणजे 70 किलोच्या मुलाच्या एका पायावर क्षणभर चारशे किलोंहून जास्त भार! त्याच संशोधकांना असंही दिसलं, की ज्यांचा पुढचा गुडघा ताठ राहतो त्यांचा चेंडू जास्त वेगात सुटतो. गुडघा वाकला तर दणक्याचा काही भाग तिथे जिरतो, पण धावून कमावलेला वेगही तिथेच जिरतो.

उरलेला दणका वर चढतो आणि त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली, बाजूला कललेली आणि पिळलेली असते. सर्वाधिक ताण येतो तो कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांच्या मागच्या कमानीतल्या अरुंद हाडावर. गोलंदाज उजव्या हाताचा असेल तर बहुधा डाव्या बाजूला. तार पुन्हा पुन्हा वाकवली की जशी तुटते, तसंच हे हाड एका चेंडूने नव्हे, हजारो चेंडूंनी चिरतं. हेच ते स्ट्रेस फ्रॅक्चर. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज डेनिस लिली याची पाठ 1973 मध्ये वेस्ट इंडिजमध्ये अशीच गेली होती. तो पुन्हा उभा राहिला आणि पुढे चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये त्याने श्रीरामपूरच्या झहीर खानसह अनेकांना घडवलं.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या 82 तरुण गोलंदाजांवर लक्ष ठेवणारा एक अभ्यास 1989 साली आला. हंगामाअखेर त्यांतल्या 11 टक्के मुलांच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर झालेलं आढळलं. रनअप संपताना खांदे एकीकडे, कंबर दुसरीकडे अशी ज्यांची शैली होती, त्यांना धोका अधिक होता.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते संशोधक जॉन ऑर्चर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं 2009 चं निरीक्षण. एका सामन्यात 50 हून जास्त षटकं टाकलेल्या गोलंदाजांना दुखापत व्हायचा धोका पुढचे तीन-चार आठवडे वाढलेला राहतो. ताण आला की शरीर आधी जुनं हाड कोरून काढतं आणि मग नवं भरतं. कोरणं लवकर उरकतं, भरायला मात्र वेळ लागतो. या मधल्या काळात हाड कच्चं असतं, पण मुलगा ठणठणीत दिसतो आणि म्हणूनच पुढच्या सामन्यात त्याच्याच हाती चेंडू दिला जातो.

आपल्याकडे चांगला वेग असलेला पंधरा वर्षांचा मुलगा शाळेकडून खेळतो, क्लबकडून खेळतो आणि संध्याकाळी अकादमीच्या नेट्समध्येही टाकतो. प्रत्येक प्रशिक्षकाला फक्त आपल्याकडची षटकं ठाऊक असतात, एकूण बेरीज कुणाकडेच नसते. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वयानुसार मर्यादा आखून दिल्या आहेत: तेराव्या वर्षापर्यंत एका स्पेलमध्ये 5 आणि दिवसभरात 10 षटकं. आपल्या मुलांसाठी निदान एक वही तरी असावी. ती प्रशिक्षकाकडे नको, मुलाच्याच किटबॅगेत हवी आणि तिच्यात नेट्समधले चेंडूही लिहिलेले असावेत. मणक्याला नेट्स आणि सामना यांतला फरक कळत नाही. कमरेच्या एकाच बाजूला, मागे वाकताना कळ येऊ लागली, तर मलम चोळत बसण्याऐवजी गोलंदाजी थांबवून एमआरआय करून घ्यावा. हाड चिरण्याआधीची सूज त्यात दिसू शकते आणि त्या टप्प्यावर विश्रांतीने हाड बहुधा पूर्ववत होतं.