गोंदूरचं विमान आणि घरातलं कॉकपिट

धुळ्याजवळ गोंदूरच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बायांना विमानाचं अप्रूप राहिलेलं नाही. बॉम्बे फ्लाइंग क्लबची शिकाऊ विमानं तिथल्या धावपट्टीवरून उठतात, शिवारावर एक चौकोनी फेरी घालतात आणि पुन्हा खाली टेकतात. जे. आर. डी. टाटा ज्या क्लबात शिकले आणि 10 फेब्रुवारी 1929 रोजी देशातला पहिल्या क्रमांकाचा परवाना घेऊन बाहेर पडले, तोच हा क्लब. पण 2020च्या पावसाळ्यात इथून उठलेलं एक विमान या सगळ्यांहून वेगळं होतं. ते कुठल्या कारखान्यात तयार झालं नव्हतं. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागातल्या एका पाच मजली इमारतीच्या गच्चीवर ते बांधलं गेलं होतं.

ते बांधणारे कॅप्टन अमोल यादव तेव्हा जेट एअरवेजचे पायलट होते. आधीचे दोन प्रयत्न फसल्यावर त्यांनी गच्चीवर सहा आसनी विमान जोडायला घेतलं. एकत्र कुटुंबाच्या कमाईतला पैसा आणि वर्षानुवर्षांच्या सुट्ट्या त्यात गेल्या. फेब्रुवारी 2016मध्ये विमानाचे भाग सुटे करून क्रेनने खाली उतरवले आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते पुन्हा उभं केलं. तिथे गर्दी झाली, पण गर्दीने विमान उडत नाही. नागरी उड्डाण महासंचालनालयाची नोंदणी नोव्हेंबर 2017मध्ये झाली. 'व्हीटी-एनएमडी' ही अक्षरं अंगावर आली, तरी उडण्याची परवानगी मिळायला ऑक्टोबर 2019 उजाडला. मग धुळ्याला पहिल्या टप्प्यातली चाचणी झाली. गच्चीवरचं विमान उतरवण्यापासून ते उडेपर्यंत चार वर्षांहून जास्त काळ गेला, आणि त्यातला मोठा भाग कागदांचा होता.

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट: घरी बांधणारा माणूस यंत्र ज्या खोलीने ओळखतो, तसं विकत घेणारा कधी ओळखत नाही. ही ओळख करून घ्यायला यादवांइतकं धाडस आणि पैसा प्रत्येकाकडे नसणारच. पण घरात प्रवासी विमानाचं कॉकपिट उभारणं, जागेवरून तसूभर न हलणारं आणि तरीही सगळी बटणं खरी असणारं, हे जळगाव-धुळ्यातल्या हुशार हातांच्या आवाक्यातलं काम आहे. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

खोट्या विमानात बसून खरं शिकता येतं, हे दाखवून दिलं एडविन लिंक या अमेरिकन तरुणाने. त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना होता. आपल्या भजनी मंडळाच्या पेटीला भाता असतो ना, तसेच भाते वापरून त्याने 1929मध्ये एक डबा तयार केला. दांडा हलवला की भात्यांत हवा कमीजास्त व्हायची आणि डबा विमानासारखा कलायचा. सुरुवातीला तो जत्रेतल्या करमणुकीसाठी खपला. 1934मध्ये अमेरिकी लष्कराकडे टपाल वाहतूक आली, खराब हवेत वैमानिक मरू लागले, तेव्हा लष्कराने त्याचे सहा डबे घेतले. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्याच डब्यात बसून डोळ्यांपेक्षा काट्यांवर विश्वास ठेवायला शिकले.

आता घरच्या कॉकपिटचं पाहू. पहिला प्रश्न, बोइंग 737 की एअरबस 320? माझं मत स्पष्ट आहे, पहिलं कॉकपिट एअरबसचंच करावं. बोइंगमध्ये दोन्ही वैमानिकांसमोरची सुकाणं एकमेकांना जोडलेली असतात, डावं फिरलं की उजवंही फिरतं. घरी हे जुळवायचं म्हणजे सळया, बेअरिंग, वेल्डिंग आलं. एअरबसमध्ये हाताशी एक छोटी दांडी असते आणि दोन दांड्यांचा यांत्रिक संबंधच नसतो. दोन चांगल्या जॉयस्टिक बसवल्या की भागतं.

सांगाडा प्लायवूडचा किंवा एमडीएफचा. छतावरच्या पॅनलवर मेहनत जास्त. त्यावरची अक्षरं आतून उजळायला हवीत. त्यासाठी दुधी अ‍ॅक्रिलिकचा पत्रा घ्यायचा, त्यावर काळा रंग मारायचा आणि लेझरने अक्षरांपुरता रंग उडवायचा. मागे एलईडीची पट्टी लावली की अक्षरं पेटतात. नेमप्लेट आणि ट्रॉफ्या करणाऱ्या दुकानात हे काम होतं. माप मात्र काटेकोर हवं: खऱ्या विमानातल्या प्रमाण पॅनलची रुंदी 146 मिलिमीटर असते.

बटणं संगणकाला जोडायला अर्डुइनो मेगा नावाचा छोटा बोर्ड पुरतो. त्याला डिजिटल पिना 54. पण बटणं शंभरावर जातात, मग काय? आडव्या आठ आणि उभ्या आठ तारांची जाळी करायची, प्रत्येक छेदावर एक बटण. 16 पिनांत 64 बटणं बसतात, उरलेल्यांसाठी तशीच दुसरी जाळी. प्रत्येक बटणाला एक डायोड लावायला विसरू नये, नाहीतर तीन बटणं एकदम दाबली की न दाबलेलं चौथंही दाबल्यासारखं दिसतं. अर्डुइनो आणि संगणकावरचा उड्डाणाचा सिम्युलेटर यांच्यात बोलणं घडवायला मोबीफ्लाइट हे फुकट सॉफ्टवेअर आहे. दांड्यांना साधे पोटेन्शिओमीटर लावले तर घासून खराब होतात, काटा थरथरतो. लोहचुंबक आणि हॉल सेन्सर लावावा, त्यात घासायला काही नसतंच.

हे सगळं कशासाठी, असं घरचे विचारतीलच. वैमानिक व्हायच्या तयारीसाठी, हे त्याचं उत्तर. 2021मध्ये विमानतळ प्राधिकरणाने उड्डाण प्रशिक्षणासाठी पाच विमानतळ निवडले. बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी यांच्याबरोबर त्यांत जळगाव होतं. व्यावसायिक परवान्याला 200 तास उड्डाण लागतं आणि त्यातला प्रत्येक तास महाग असतो. घरच्या कॉकपिटमधला एकही तास त्यात मोजला जात नाही. पण चेकलिस्ट तोंडपाठ होते, नजरेला काटे पाहायचा क्रम कळतो, आणि हाताला जागा ठाऊक होतात.

या हाताच्या ओळखीसाठी एक भाग मी कधीच विकतचा घेणार नाही. दुसऱ्या महायुद्धात बी-17 विमानं उतरल्यावर वैमानिक पंखांचे फ्लॅप मिटवायच्या ऐवजी चाकंच मिटवत आणि विमान पोटावर बसे. दोन्ही स्विच शेजारीशेजारी होते, दिसायलाही सारखे. अल्फोन्स चॅपनिस या मानसशास्त्रज्ञाने उपाय सुचवला: चाकांच्या दांड्याला रबरी चाक लावा, फ्लॅपच्या दांड्याला पंखाच्या पातीसारखा तुकडा. आजच्या प्रवासी विमानांतही तीच कल्पना दिसते. म्हणून घरच्या कॉकपिटचं ते छोटं चाक लेथवाल्याकडून काळ्या नायलॉनचं फिरवून घ्यावं, बसवावं, आणि खोलीतला दिवा मालवून ते बोटांनी शोधून पाहावं.