काचेच्या टाकीचा सांडवा

पाणी अडविणे हे जितके महत्त्वाचे, तितकेच जादा पाण्यास सुरक्षित वाट करून देणेही महत्त्वाचे असते. ही गोष्ट कोल्हापूर जिल्ह्यातील शेतकऱ्यास निराळी सांगावयास नको. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यासारख्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बर्गे पावसाळ्यापूर्वी माणसांना वेळेवर काढावे लागतात. उलटपक्षी, राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत (१८९४ ते १९२२) भोगावती नदीवर आरंभ झालेल्या राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे जलाशय भरला की पाण्याच्याच जोराने आपोआप उघडतात. त्या वेळी वीज असो वा नसो, पहारेकरी जागा असो वा नसो, जादा पाणी आपली वाट धरते.

परसात शोभिवंत मासे वाढविणाऱ्या शेतकऱ्याने हाच धडा आपल्या काचेच्या टाकीसही लावला पाहिजे. सन २०२० मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत माशांच्या संगोपनाचा अंतर्भाव करण्यात आला. गप्पी, मॉली, गोल्डफिश यांसारखे मासे लहान जागेत वाढतात व शेतीस जोडधंदा होऊ शकतो. तथापि, टाकीतील पाणी स्वच्छ ठेवणे हे या धंद्याचे मर्म होय.

सम्प कशासाठी?

मुख्य टाकीच्या खाली दुसरी टाकी ठेवून तीत गाळणीची व्यवस्था करतात. या खालच्या टाकीस सम्प असे म्हणतात. वरचे जादा पाणी छिद्रावाटे उतरून सम्पमध्ये येते, तेथे गाळले जाते व पंपाने पुन्हा वर चढविले जाते. माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया विषारी असतो. गाळणीच्या स्पंजावर व खड्यांवर वाढणारे जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर पुष्कळच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. शिवाय पाण्याचा एकूण साठा वाढतो, आणि बाष्पीभवनाने होणारी घट केवळ सम्पमध्ये दिसत असल्याने वरच्या टाकीची पातळी कायम राहते.

छिद्र कोठे पाडावे?

छिद्र पाडण्यापूर्वी काच कोणत्या जातीची आहे याची खात्री करून घ्यावी. टफन्ड काचेस छिद्र पाडू लागताच तिचे क्षणात बारीक तुकडे होतात. कारखान्यात बनविलेल्या काही टाक्यांचा तळ अशा काचेचा असतो. टाकी बनविणाऱ्यास स्पष्ट विचारावे आणि शंका राहिल्यास त्या काचेस हात लावू नये. नवी टाकी बनवून घेताना जोडणीपूर्वीच सुट्या साध्या काचेस छिद्रे पाडून घेणे सर्वांत उत्तम.

छिद्र तळास न पाडता मागील भिंतीच्या वरच्या भागात पाडावे. तळाच्या छिद्राचा वॉशर सैल झाला तर सारी टाकी रिती होते. वरच्या छिद्राचा झाला तर केवळ छिद्राच्या पातळीपर्यंतचे पाणी जाते आणि मासे वाचतात. छिद्राची कड व काचेची कड यांमध्ये निदान छिद्राच्या व्यासाइतके अंतर असावे. दोन छिद्रे पाडावयाची असल्यास त्यांच्यामध्येही याहून कमी अंतर नसावे. छिद्राचे माप अंदाजाने धरू नये. नळकामातील टँक निपल आधी विकत आणावा व त्याच्या आट्यांचा बाहेरील व्यास मोजून त्याप्रमाणे बिट निवडावा.

छिद्र पाडण्याची रीत

या कामास हिऱ्याचे कण बसविलेला पोकळ बिट लागतो. लाकडाचा वा भिंतीचा बिट चालत नाही. टाकी पूर्ण रिकामी व कोरडी करून, छिद्राची भिंत खाली येईल अशा रीतीने थर्मोकोलच्या तक्त्यावर आडवी ठेवावी. खुणेच्या जागी काचेच्या दोन्ही बाजूंस चिकटपट्टी लावावी, म्हणजे कापलेली चकती खाली निखळून पडत नाही. त्याच मापाचे भोक पाडलेली प्लायवुडची पट्टी काचेवर घट्ट बसविल्यास बिट घसरत नाही. भोवती मळलेल्या शाडूचे आळे करून त्यात पाणी भरावे.

ड्रिल यंत्राची ठोके देणारी योजना बंद ठेवावी व गती मंद ठेवावी. पाणी जवळ असल्याने बॅटरीवर चालणारे यंत्र अधिक सुरक्षित. यंत्रावर जोर देऊ नये. त्याच्या स्वतःच्या वजनाने जेवढे कापले जाईल तेवढेच कापू द्यावे. काच फुटते ती बहुधा घाईने व उष्णतेने. पाणी दुधासारखे पांढरे झाले की ते बदलावे. शेवटच्या एका मिलिमीटरला यंत्र किंचित उचलून धरावे. डोळ्यांवर चष्मा अवश्य घालावा, आणि काचेची भुकटी कोरडी झाडू नये. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. छिद्राची कड ओल्या पॉलिश कागदाने हलकेच घासून घ्यावी.

टँक निपल बसविताना रबरी वॉशर त्याच्या रुंद कडेच्या बाजूस, टाकीच्या आतून, ठेवावा. नट हातानेच घट्ट करावा; पान्याचा जोर काचेस सोसत नाही. आतील टोकास वर तोंड केलेला एल्बो बसवावा. त्याच्या ओठाची उंची हीच टाकीतील पाण्याची पातळी ठरते. पिल्ले ओढली जाऊ नयेत म्हणून तोंडाशी बारीक जाळी लावावी. परंतु जाळी पानाने वा शेवाळाने तुंबू शकते. याकरिता शेजारी दुसरे छिद्र पाडून त्याच्या एल्बोचा ओठ २ सेंटीमीटर उंच ठेवावा. हा दुसरा सांडवा एरवी कोरडाच राहील, पण पहिला तुंबल्यास तोच घर वाचवील.

वीज गेल्यावर काय होईल?

हा प्रश्न टाकी भरण्यापूर्वी सोडविला पाहिजे. समजा, करवीर तालुक्यातील एका शेतकऱ्याची टाकी १२० सेंटीमीटर लांब व ४५ सेंटीमीटर रुंद असून तीत पाणी ४० सेंटीमीटर खोल आहे. म्हणजे पाणी २१६ लिटर झाले, आणि पातळीतील प्रत्येक सेंटीमीटरला ५.४ लिटर. पंपाची परतीची नळी त्याने पाण्यात ३० सेंटीमीटर खोल सोडली आहे. मध्यरात्री वीज जाते आणि पंप थांबतो. मग तीच नळी वक्रनलिकेप्रमाणे उलटी वाहू लागते व सुमारे १६२ लिटर पाणी सम्पकडे उतरते. सम्पमध्ये तेवढी जागा नसते. सकाळी घरभर पाणी, आणि वर वीतभरही नसलेल्या पाण्यात कोंडलेले मासे, असे दृश्य दिसते.

यावर उपाय साधा आहे. परतीच्या नळीस पाण्याच्या पातळीखाली २ सेंटीमीटरवर एक लहान भोक पाडावे. पातळी तेथवर उतरताच भोकातून हवा आत शिरते व उलटा प्रवाह तुटतो. हे भोक शेवाळाने बुजू नये म्हणून दर आठवड्यास साफ करावे. असे केल्यास पातळी फार तर ३ सेंटीमीटर उतरेल, म्हणजे १६.२ लिटर पाणी खाली येईल. सम्प ६० सेंटीमीटर लांब, ३५ रुंद व ३५ उंच असेल, तर तेवढ्या पाण्याने त्याची पातळी सुमारे ८ सेंटीमीटर चढेल. म्हणून पंप चालू असताना सम्पमध्ये पाणी २२ सेंटीमीटरहून अधिक ठेवू नये. तशी ठळक रेघ सम्पवर मारून ठेवावी. पाणी भरताना घरातील प्रत्येकाने त्या रेघेचा मान राखावा.

पंपही बेताचाच घ्यावा. टाकीतील पाणी ताशी तीन ते चार वेळा फिरले म्हणजे पुरते. खोक्यावर छापलेला प्रवाह शून्य उंचीचा असतो, वर चढविताना तो घटतो. तरीही पहिला सांडवा एकट्याने पंपाचे सर्व पाणी वाहून नेतो की नाही, हे प्रत्यक्ष पाहावे.

परीक्षा

मासे सोडण्यापूर्वी टाकी अंगणात २४ तास भरून ठेवावी. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असल्याने तिच्याखालील चौरंग मजबूत व समपातळीत हवा. नंतर पंप चालू करून अचानक बंद करावा व सम्प सांडतो काय ते पाहावे. पंप पुन्हा चालू करावा व सुरुवातीस तो कोरडा पडत नाही ना, हे तपासावे. शेवटी पहिला सांडवा हाताने बंद करून दुसरा चालतो की नाही, याची खात्री करावी. या तिन्ही परीक्षांत उतरलेली टाकीच माशांसाठी योग्य समजावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा प्रयोग एखाद्या जुन्या साध्या काचेच्या तुकड्यावर शेतकऱ्यांकडून स्वहस्ते करवून घ्यावा. पहिली चकती बिघडली तरी नुकसान फारसे नाही. योजनेतील साहाय्याचे चालू नियम जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावेत. पाणी बदलताना निघालेले गोड्या टाकीतील पाणी गटारात न सोडता परसातील भाजीस द्यावे, कारण त्यातील नायट्रेट पिकास उपयोगी पडते; मात्र टाकीत औषध घातले असल्यास तसे करू नये.

धरण असो वा टाकी, त्याची खरी परीक्षा माणूस झोपेत असताना होते. त्या वेळी पाण्याने कोठे जावे, हे दिवसाउजेडी ठरवून ठेवणे हेच शहाणपण होय.