न दिसणारी धूळ

प्रदूषण म्हटले की धुराची चिमणी, फेसाळलेला नाला किंवा कचऱ्याचा ढीग आपल्या डोळ्यांसमोर येतो. परंतु आपल्या बेळगावच्या उद्यमबागेसारख्या औद्योगिक वसाहतीत प्रदूषणाचा जो प्रकार सर्वांत घातक ठरू शकतो, तो डोळ्यांना दिसतच नाही.

उद्यमबाग म्हणजे फौंड्री आणि मशीन शॉपची वसाहत. कितीतरी घरांची चूल तिच्यावर पेटते. फौंड्रीत वाळूच्या साच्यात वितळलेले लोखंड ओततात, निवल्यावर साचा फोडतात आणि कास्टिंगला चिकटलेली वाळू घासून काढतात. ही वाळू म्हणजे मुख्यतः सिलिका. साचा फोडताना व घासताना तिची अतिशय बारीक धूळ उडते. मोठे कण नाकात, घशात अडतात. पण पाच मायक्रॉनहून लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक, थेट फुफ्फुसाच्या वायुकोशांत उतरतात. तेथील रक्षक पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मरतात, दाह होतो, व्रण धरतो आणि स्पंजासारखे मऊ फुफ्फुस हळूहळू निबर होते. हाच सिलिकोसिस.

बहुधा दहा-वीस वर्षांनी त्याची लक्षणे दिसतात. त्यामुळे तरुण कामगाराला धोका पटत नाही आणि धाप लागू लागते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. अशा रुग्णाला क्षयाचा धोका अधिक असतो. कधी सिलिकोसिसलाच क्षय समजले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली या धुळीची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर. आमच्या पेटीत सिलिकेपासूनच बनविलेले 'सिलिशिया' नावाचे औषध असते. तरीही स्पष्ट सांगतो, निबर झालेले फुफ्फुस पूर्ववत करणारे औषध आमच्याकडे नाही आणि इतर कोणत्याही पॅथीकडे नाही. धूळ उडू न देणे हाच खरा उपाय.

मग जबाबदारी कोणाची? पहिली मालकाची. जेथे धूळ उडते तेथेच ती ओढून घेणारी यंत्रणा बसवावी, शक्य तेथे ओले काम करावे, कोरडा झाडू आणि हवेचा झोत बंद करावा. नाकाला बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही. योग्य मास्क हवा, पण तो शेवटचा आधार.

दुसरी आम्हा डॉक्टरांची. इटलीच्या रामाझिनी यांनी १७०० साली सांगून ठेवले की रुग्णाला त्याचा धंदा विचारावा. उद्यमबागेतला कामगार असो वा निपाणीच्या तंबाखू वखारीतली बाई, खोकला ऐकण्याआधी काम विचारले पाहिजे. १९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिसचा रुग्ण आढळल्यास कारखाना निरीक्षकांना कळविणे डॉक्टरांवर बंधनकारक केले. ही केवळ कागदपूर्ती नव्हे. एका रुग्णाच्या नोंदीमुळे त्याच्या शेजारी काम करणारे दहाजण वाचू शकतात.

तिसरी आपणा सर्वांची. घरातल्या पंपापासून ट्रॅक्टरपर्यंत अनेक वस्तूंत ओतीव भाग असतात. त्यांची किंमत कुणाच्या फुफ्फुसाने चुकती होऊ नये, हे पाहणे ग्राहकाचेही कर्तव्य आहे.

आम्हा जैनांत पाणी गाळून पितात, ते त्यातील सूक्ष्म जीवांना इजा होऊ नये म्हणून. न दिसणाऱ्या जीवाची एवढी काळजी घेणाऱ्या समाजाने समोर दिसणाऱ्या माणसाच्या श्वासाची काळजी घ्यायलाच हवी. अहिंसेची सुरुवात कारखान्याच्या दारापासूनही होते.